संगणक-सफाईची सॉफ्टवेअर : दावे, वस्तुस्थिती आणि विश्वासार्हतेचे निकष

गोषवारा

संगणकातील अनावश्यक फाइली काढून टाकून त्याचा वेग वाढवून देण्याचे आश्वासन देणारी सॉफ्टवेअर १९९० च्या दशकापासून बाजारात आहेत. अशा सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवावा की नाही, याचा निर्णय बहुधा त्या सॉफ्टवेअरनेच दाखविलेल्या दोषांच्या संख्येवरून घेतला जातो. ही पद्धत सदोष का आहे, सफाईच्या निरनिराळ्या क्रियांचा संगणकाच्या कामावर प्रत्यक्षात कोणता परिणाम होतो आणि निर्णय घेताना कोणते निकष वापरता येतील, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. विवेचन मुख्यतः विंडोज या ऑपरेटिंग सिस्टीमपुरते मर्यादित आहे.

बीजसंज्ञा : सफाई-सॉफ्टवेअर, रजिस्ट्री, रॅम, तात्पुरत्या फाइली, माहितीची सुरक्षितता, विश्वासार्हता.

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या एखाद्या विभागात खरेदी केलेला संगणक पुढील अनेक वर्षे वापरात राहतो. त्यावर अंतर्गत मूल्यमापनाचे गुण, हजेरीपत्रके, नॅकसाठी जमविलेली माहिती, शोधनिबंधांचे मसुदे आणि कित्येकदा एखाद्या संशोधक विद्यार्थ्याच्या प्रबंधाची सर्व प्रकरणे साठविलेली असतात. सत्राच्या अखेरीस गुण भरण्याची मुदत जवळ आलेली असावी आणि नेमका त्याच वेळी संगणक सुरू होण्यास दहा-दहा मिनिटे लागू लागावीत, हा अनुभव प्राध्यापकवर्गास नवा नाही. अशा वेळी कोणी तरी एखादे मोफत सफाई-सॉफ्टवेअर सुचवितो. ते बसविताच काही क्षणांत पडद्यावर लाल अक्षरांत शेकडो दोषांची यादी उमटते आणि त्याखाली 'सर्व दोष दुरुस्त करा' असे बटण दिसते.

ते बटण दाबावे किंवा नाही, या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न दडलेले आहेत. पहिला उपयुक्ततेचा : हे सॉफ्टवेअर जे करीन म्हणते ते खरोखर करते काय आणि केल्यास त्याने वेग वाढतो काय? दुसरा सुरक्षिततेचा : संगणकातील कोणतीही फाइल वाचण्याचा, बदलण्याचा व नष्ट करण्याचा अधिकार त्याला देणे योग्य आहे काय? या दोन प्रश्नांची गल्लत केल्यामुळेच बहुतेक चुकीचे निर्णय घेतले जातात. एखादे साधन पूर्णतः निरुपद्रवी असूनही निरुपयोगी असू शकते. तसेच एखादे साधन उपयुक्त असूनही धोक्याचे ठरू शकते.

१. सफाईच्या दाव्यांची पूर्वपीठिका

संगणकाचा वेग वाढविण्याच्या दाव्यांचा इतिहास विंडोज ९५ इतका जुना आहे. १९९५ मध्ये सिंक्रोनिस या अमेरिकी कंपनीने 'सॉफ्टरॅम ९५' नावाचे सॉफ्टवेअर बाजारात आणले. त्या काळी रॅम ही महाग वस्तू होती. माहितीचे संपीडन करून संगणकातील रॅम जणू दुप्पट करून देतो, असा या सॉफ्टवेअरचा दावा होता आणि त्याच्या लाखो प्रती खपल्या. तज्ज्ञांनी त्याची अंतर्गत रचना उलगडून पाहिली तेव्हा विंडोज ९५ वर दाव्यानुसार कोणतेही संपीडन होत नसल्याचे निदर्शनास आले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकहितरक्षणाचे काम पाहणाऱ्या संघराज्यीय व्यापार आयोगाने, १९९६ मध्ये या प्रकरणी कंपनीविरुद्ध कारवाई केली.

या घटनेत लक्षात घेण्याजोगी बाब अशी, की ज्यांनी हे सॉफ्टवेअर विकत घेतले त्यांच्यातील अनेकांना त्याचा उपयोग होत असल्याचे वाटत होते. संगणकाच्या वेगाचे मोजमाप सामान्य वापरकर्ता घड्याळ लावून करीत नाही. तो आपल्या जाणिवेवर विसंबतो. पैसे मोजून घेतलेल्या उपायाने गुण येतोच, अशी मनाची धारणा असते.

पुढच्या दशकात हा व्यवसाय अधिक आक्रमक झाला. 'विनफिक्सर', 'ड्राइव्हक्लीनर', 'एररसेफ' अशा नावांची सॉफ्टवेअर इंटरनेटवरील जाहिरातींमधून वापरकर्त्यासमोर अचानक प्रकट होत, संगणकाची तपासणी केल्याचा आभास निर्माण करीत आणि गंभीर दोष आढळल्याचे सांगून पैसे मागत. याच आयोगाने डिसेंबर २००८ मध्ये इनोव्हेटिव्ह मार्केटिंग या कंपनीविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. दहा लाखांहून अधिक ग्राहक फसविले गेल्याचा आयोगाचा आरोप होता. २०१२ मध्ये या खटल्यात १६ कोटी ३० लाख डॉलरचा निवाडा देण्यात आला.

२. 'सफाई' म्हणजे नेमके काय?

सफाई-सॉफ्टवेअर एका बटणाखाली अनेक भिन्न क्रिया एकत्र बांधते. त्यांचे परिणाम एकसारखे नाहीत, म्हणून त्या सुट्या करून पाहणे आवश्यक आहे.

(अ) तात्पुरत्या फाइली काढणे : एखादे सॉफ्टवेअर बसविताना, इंटरनेट पाहताना किंवा विंडोजचे अद्ययावतीकरण होताना अनेक फाइली तयार होतात आणि काम संपल्यावरही हार्ड डिस्कवर पडून राहतात. त्या काढल्याने जागा निश्चितपणे मोकळी होते. डिस्क जवळजवळ पूर्ण भरलेली असल्यास या जागेचा लाभ जाणवतोही. मात्र निम्मी डिस्क रिकामी असताना आणखी दोन गिगाबाइट जागा मोकळी केल्याने वेगात फरक पडण्याचे कारण नाही. ब्राउझरने साठवून ठेवलेली चित्रे व पाने काढून टाकल्यास तीच पाने पुढच्या वेळी इंटरनेटवरून नव्याने आणावी लागतात. त्यामुळे संथ जोडणी असलेल्या ठिकाणी सफाईनंतर संकेतस्थळे उलट उशिरा उघडतात. शिवाय हे काम करण्याची सोय विंडोजमध्ये आधीपासून आहे. 'डिस्क क्लीनअप' हे साधन विंडोज ९८ पासून उपलब्ध झाले आणि २०१७ मध्ये विंडोज १० मध्ये 'स्टोरेज सेन्स' ही स्वयंचलित सोय आली.

(आ) रजिस्ट्रीची सफाई : रजिस्ट्री ही विंडोजची मध्यवर्ती नोंदवही होय. कोणते सॉफ्टवेअर कोठे आहे, कोणती फाइल कशाने उघडावयाची, कोणते यंत्र कसे जोडलेले आहे, अशा लाखो नोंदी तीत असतात. सॉफ्टवेअर काढून टाकल्यावर त्याच्या काही नोंदी मागे राहतात. सफाई-सॉफ्टवेअर अशा नोंदी शोधून त्यांना 'दोष' म्हणते, आणि पडद्यावर दिसणारी शेकड्यांतील संख्या बहुतांशी यांचीच असते.

या नोंदींमुळे संगणक मंद होतो काय, हे समजण्यासाठी ग्रंथालयाच्या सूचीचे उदाहरण उपयोगी पडेल. हरवलेल्या शंभर पुस्तकांची पत्रे सूचीत तशीच राहिली, तरी वाचक आपल्या पुस्तकासाठी संबंधित खण उघडतो आणि वर्णानुक्रमे थेट त्या पत्राकडे जातो. इतर पत्रे तो चाळीत बसत नाही. रजिस्ट्रीची रचनाही अशीच शाखांची आहे. विंडोजला हवी ती नोंद ठरावीक मार्गाने मिळते आणि निरुपयोगी नोंदी त्या मार्गात आड येत नाहीत. त्या काढण्याचा लाभ म्हणूनच नगण्य असतो. हानी मात्र गंभीर होऊ शकते. एखादी नोंद खरोखर निरुपयोगी आहे की क्वचित लागणाऱ्या सॉफ्टवेअरची आहे, हे बाहेरून ठरविणे कठीण असते आणि चुकीची नोंद काढली गेल्यास ते सॉफ्टवेअर, प्रिंटर किंवा प्रसंगी खुद्द विंडोज चालेनासे होते. १९९० च्या दशकात मायक्रोसॉफ्टने स्वतःच 'रेगक्लीन' नावाचे साधन दिले होते; ते पुढे मागे घेण्यात आले. अशा साधनांच्या वापराला आपला पाठिंबा नाही आणि त्यातून उद्भवणाऱ्या अडचणींची जबाबदारी आपली नाही, असे धोरण कंपनीने नंतर जाहीर केले.

(इ) रॅम मोकळी करणे : रॅम रिकामी असणे म्हणजे संगणक कार्यक्षम असणे, हा समज चुकीचा आहे. अभ्यासिकेतील मेजावर लागणारी पुस्तके काढून ठेवलेली असली की काम लवकर होते. मेज स्वच्छ दिसावे म्हणून ती सर्व कपाटात परत ठेवली, तर प्रत्येक वेळी उठावे लागते. विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, वारंवार लागणारी सॉफ्टवेअर आधीच रॅममध्ये आणून ठेवण्याची व्यवस्था विंडोजमध्ये आहे आणि गरज पडताच ही जागा विंडोज स्वतः मोकळी करते. 'रॅम मोकळी' करणारी साधने चालू सॉफ्टवेअरची माहिती रॅमबाहेर ढकलतात. आकडा क्षणभर सुधारतो, परंतु तीच माहिती परत आणताना वेळ जातो.

(ई) डिस्कची फेररचना : फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर एकाच फाइलचे तुकडे विखुरलेले असतील, तर ते एकत्र केल्याने वाचन जलद होते. ही क्रिया विंडोज व्हिस्टापासून ठरावीक वेळी आपोआप होत आली आहे. एसएसडी प्रकारच्या डिस्कमध्ये मात्र फिरणारा भागच नसतो. तेथे तुकडे एकत्र करण्याचा उपयोग जवळजवळ नाही आणि अनावश्यक लेखनामुळे डिस्कची झीज होते. तिला लागणारी वेगळ्या प्रकारची देखभाल विंडोज ७ पासून ऑपरेटिंग सिस्टीमच करते.

सारांश, या चार क्रियांपैकी पहिलीचा मर्यादित उपयोग आहे, चौथी योग्य ठिकाणी उपयुक्त आहे आणि या दोन्ही विंडोज स्वतःच करते. दुसरी व तिसरी क्रिया लाभापेक्षा उपद्रवाकडे झुकणारी आहे.

३. निदान आणि विक्री एकाच हाती

सफाई-सॉफ्टवेअरच्या बाबतीत तपासणारा, दोष सांगणारा आणि उपाय विकणारा हा एकच असतो. वैद्यकीय व्यवसायात रोगनिदान करणाऱ्याने स्वतःच औषध विकू नये, असे संकेत का निर्माण झाले हे येथे आठवावे. दोष कमी सापडले तर विक्री होणार नाही, अशी ज्याची स्थिती आहे त्याने मोजलेल्या दोषांची संख्या पुरावा म्हणून स्वीकारता येत नाही.

याचे बोलके उदाहरण ऑफिस डेपो या अमेरिकी दुकानसाखळीच्या प्रकरणात सापडते. ही दुकाने 'पीसी हेल्थ चेक' नावाच्या सॉफ्टवेअरने ग्राहकांच्या संगणकांची मोफत तपासणी करीत; हे सॉफ्टवेअर सपोर्ट डॉट कॉम या कंपनीने पुरविले होते. तपासणीच्या आरंभी ग्राहकाला संगणक मंद झाला आहे काय, वारंवार बंद पडतो काय, अशा स्वरूपाचे चार प्रश्न विचारले जात. संघराज्यीय व्यापार आयोगाच्या तक्रारीनुसार, यांपैकी कोणत्याही एका प्रश्नापुढे खूण केली की तपासणीचा निष्कर्ष ठरून जाई. संगणकात अपायकारक सॉफ्टवेअरची लक्षणे आढळल्याचे सांगितले जाई. त्यानंतरची तपासणी निष्कर्षावर परिणाम करीत नसे. ग्राहकांना ३०० डॉलरपर्यंतच्या दुरुस्तीसेवा विकल्या गेल्या. सीॲटल येथील एका दूरचित्रवाहिनीच्या वार्ताहरांनी नवेकोरे संगणक या दुकानांत नेऊन २०१६ मध्ये हा प्रकार उघडकीस आणला. २०१९ मध्ये दोन्ही कंपन्यांनी मिळून ३ कोटी ५० लाख डॉलर देण्याचे मान्य केले.

येथे ग्राहकाने दिलेली माहितीच त्याला निदान म्हणून परत विकली गेली. संगणक मंद आहे असे त्यानेच सांगितले होते. नामांकित दुकान, गणवेशातील कर्मचारी आणि पडद्यावरील प्रगतिपट्टी यांमुळे ते शास्त्रीय निदान भासले.

हा प्रकार थांबलेला नाही. रेस्टोरो व रीइमेज या सायप्रसस्थित कंपन्यांनी २०२४ मध्ये याच आयोगाशी २ कोटी ६० लाख डॉलरची तडजोड केली. आयोगाच्या अन्वेषकांनी निर्दोष संगणकांवर या सॉफ्टवेअरची तपासणी चालविली, तेव्हाही दुरुस्तीची गरज असल्याचे निष्कर्ष दाखविले गेले, असे आयोगाचे म्हणणे होते. मोफत आवृत्तीत भयप्रद संदेश दाखवून पैसे भरावयास लावणाऱ्या सफाई-सॉफ्टवेअरला १ मार्च २०१८ पासून 'नकोसे सॉफ्टवेअर' मानून काढून टाकले जाईल, असे मायक्रोसॉफ्टनेही जाहीर केले होते.

४. प्रामाणिक सॉफ्टवेअरचा प्रश्न

फसवे सॉफ्टवेअर टाळावे, हे सर्वांनाच मान्य होईल. अधिक अवघड प्रश्न प्रामाणिक सॉफ्टवेअरचा आहे. सीक्लीनर हे पिरिफॉर्म या लंडनस्थित कंपनीचे सॉफ्टवेअर अनेक वर्षे या वर्गातील सर्वांत विश्वासार्ह नाव मानले जात होते. संगणक-तंत्रज्ञ ते निःशंकपणे सुचवीत. जुलै २०१७ मध्ये ही कंपनी अवास्टने विकत घेतली.

त्याच वर्षी १५ ऑगस्ट रोजी सीक्लीनरची ५.३३ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्या ३२-बिट रूपात घुसखोरांनी आपला छुपा कोड मिसळला होता. ही फाइल कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून मिळत होती आणि तिच्यावर कंपनीची वैध डिजिटल स्वाक्षरी होती. घुसखोर कंपनीच्या यंत्रणेत त्या वर्षाच्या मार्च महिन्यातच, म्हणजे विक्रीपूर्वीच शिरले होते, असे पुढील तपासात आढळले. प्रकार सप्टेंबरमध्ये उघडकीस येईपर्यंत सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर ती आवृत्ती पोहोचली होती. घुसखोरांचे खरे लक्ष्य मोठ्या तंत्रज्ञान कंपन्या होत्या. हल्ल्याचा दुसरा टप्पा त्यांच्यातील सुमारे ४० संगणकांवरच पोहोचविण्यात आला. सामान्य वापरकर्ते त्यामुळे मोठ्या हानीपासून बचावले, परंतु त्यात त्यांच्या दक्षतेचा भाग नव्हता. अधिकृत ठिकाणाहून घ्यावे, अद्ययावत ठेवावे, स्वाक्षरी पाहावी हे सर्व नियम त्यांनी पाळले होते. किंबहुना अद्ययावत ठेवल्यामुळेच ते सापडले.

यावरून असे दिसते, की सॉफ्टवेअरवरील विश्वास ही एकदाच देऊन टाकण्याची गोष्ट नाही. निर्मात्याची मालकी, त्याचा उत्पन्नाचा मार्ग आणि त्याची स्वतःची सुरक्षाव्यवस्था या बाबी बदलतात, आणि त्या बदलांची वार्ता वापरकर्त्यापर्यंत क्वचितच पोहोचते. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडरने सीक्लीनरच्या मोफत आवृत्तीच्या काही संचांची 'संभाव्य नकोसे सॉफ्टवेअर' अशी नोंद केली. त्यांच्यासोबत इतर सॉफ्टवेअरही बसविण्यासाठी पुढे केली जात होती, हे त्याचे कारण.

मालकीबदलाचे आणखी एक उदाहरण जम्पशॉटचे आहे. २०१२ च्या सुमारास संगणकाची साफसफाई व दुरुस्ती करणारे उत्पादन म्हणून ते पुढे आले. अवास्टने ते विकत घेतल्यानंतर त्याचे रूपांतर माहितीचे विश्लेषण विकणाऱ्या कंपनीत झाले. अवास्टच्या सॉफ्टवेअरमधून गोळा झालेली वापरकर्त्यांच्या इंटरनेट-वापराची माहिती तिच्यामार्फत विकली जात होती. हे उघड झाल्यावर २०२० मध्ये ती बंद करण्यात आली आणि २०२४ मध्ये अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्यास सांगण्यात आले. भारतातही २९ जून २०२० रोजी केंद्र शासनाने माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६९अ अन्वये ज्या ५९ मोबाइल ॲपवर बंदी घातली, त्यांत क्लीन मास्टर, डीयू क्लीनर, व्हायरस क्लीनर अशी सफाईची ॲप होती. वापरकर्त्यांची माहिती देशाबाहेर जात असल्याच्या तक्रारी हे बंदीमागील एक कारण म्हणून नमूद करण्यात आले होते. सफाईच्या नावाखाली सर्व फाइली पाहण्याची परवानगी मागता येते, हे या प्रकारच्या ॲपचे वैशिष्ट्य येथे महत्त्वाचे ठरते.

५. निर्णयाचे निकष

वरील विवेचनाच्या आधारे कोणतेही सफाई-सॉफ्टवेअर बसविण्यापूर्वी पुढील चार प्रश्न विचारता येतील. त्यांची उत्तरे देण्यासाठी संगणकशास्त्राचे विशेष ज्ञान लागत नाही.

पहिला प्रश्न : दोष सापडण्यात कोणाचा लाभ आहे? तपासणी मोफत आणि दुरुस्ती सशुल्क, अशी रचना असल्यास दोषांच्या संख्येला पुरावा मानू नये. मायक्रोसॉफ्टनेही २०२२ मध्ये 'पीसी मॅनेजर' नावाचे सफाईचे साधन चाचणी स्वरूपात आणले. त्यातील बऱ्याच सोयी विंडोजमध्ये विखुरलेल्या साधनांचे एकत्रीकरण आहे. म्हणजे हा वर्ग सर्वस्वी त्याज्य नाही; प्रश्न विक्रीच्या रचनेचा आहे.

दुसरा प्रश्न : परिणाम स्वतंत्रपणे मोजता येतो काय? त्यासाठी घड्याळ पुरेसे आहे. संगणक सुरू होऊन एखादी नेहमीची फाइल उघडेपर्यंतचा वेळ तीनदा मोजावा, सफाई करावी आणि पुन्हा तीनदा मोजावा. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सफाईनंतर संगणक पुन्हा सुरू करण्याची सूचना बहुधा दिली जाते आणि दीर्घकाळ चालू असलेला संगणक केवळ पुन्हा सुरू केल्यानेही सुधारतो. त्याचे श्रेय सफाईला मिळते. म्हणून पहिले मोजमापही 'रीस्टार्ट' केल्यानंतरच घ्यावे. विंडोज ८ पासून अनेक संगणकांवर 'शट डाउन' केल्याने ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा पूर्णतः नव्याने सुरू होत नाही. 'रीस्टार्ट' केल्याने होतो. केवळ एवढ्याने अडचण दूर झाल्यास सॉफ्टवेअरची गरजच उरत नाही.

तिसरा प्रश्न : केलेली क्रिया परत फिरविता येते काय? काढलेली तात्पुरती फाइल पुन्हा तयार होते. रजिस्ट्रीतील चुकीची काढलेली नोंद होत नाही. सफाईपूर्वीची प्रत ठेवली जाते असे सांगितले जाते, परंतु विंडोजच सुरू झाले नाही तर त्या प्रतीपर्यंत पोहोचणे सामान्य वापरकर्त्याच्या आवाक्याबाहेरचे असते. नेमके काय काढले जाणार, याची वाचता येण्याजोगी यादी न देणारे साधन या निकषावर अपात्र ठरते.

चौथा प्रश्न : कोणाला किती अधिकार दिला जात आहे? निर्माता कोण, मालकी सध्या कोणाकडे आहे, उत्पन्न कशातून होते आणि ते सॉफ्टवेअर काम झाल्यावरही पार्श्वभूमीवर चालू राहते काय, हे पाहावे. लाभ अल्प असेल, तर प्रामाणिक निर्मात्यालाही संपूर्ण अधिकार देणे हिशेबात बसत नाही. सीक्लीनरच्या प्रकरणाचा अर्थ हाच आहे.

६. मंदपणाची खरी कारणे

सफाई-सॉफ्टवेअरची सर्वांत मोठी हानी त्याने काय नष्ट केले यापेक्षा त्याने काय झाकून ठेवले यात असते. हार्ड डिस्क निकामी होऊ लागली की खराब झालेला भाग ती पुनःपुन्हा वाचण्याचा प्रयत्न करते आणि संगणक कमालीचा मंद होतो. अशा वेळी 'सातशे दोष दुरुस्त केले' हा संदेश वापरकर्त्याला निश्चिंत करतो. वास्तविक तो क्षण सर्व कामे थांबवून माहितीची प्रत काढण्याचा असतो. त्यानंतर काही दिवसांनी डिस्क बंद पडली, तर कित्येक वर्षांचे संशोधन तिच्यासोबत जाते.

म्हणून क्रम असा असावा. प्रथम महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. नंतर 'टास्क मॅनेजर' उघडून प्रोसेसर, रॅम व डिस्क यांपैकी कशावर ताण आहे ते पाहावे. काही न करताही डिस्कचा वापर सतत शंभर टक्के दिसत असेल, तर डिस्कची तपासणी तंत्रज्ञाकडून करून घ्यावी. विंडोज ८ पासून याच ठिकाणी संगणकासोबत आपोआप सुरू होणाऱ्या सॉफ्टवेअरची यादीही मिळते. त्यातील अनावश्यक नावे बंद केल्याने पुष्कळ फरक पडतो आणि ती केव्हाही पुन्हा चालू करता येतात. न लागणारी सॉफ्टवेअर नियंत्रण-कक्षातून रीतसर काढावीत. पंख्यात धूळ साचून संगणक तापत असल्यास प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो. तेथे सफाई अक्षरशः ब्रशने करावी लागते. फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी बसविणे आणि रॅम वाढविणे हे जुन्या संगणकासाठी सर्वांत परिणामकारक उपाय आहेत.

अपायकारक सॉफ्टवेअरचा संशय असल्यास विंडोजमधील सुरक्षा-साधन वापरावे. भारत शासनाने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेल्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'मार्फतही अशी सॉफ्टवेअर काढण्याची साधने मोफत उपलब्ध करून देण्यात आली आहेत. येथे निदान करणाऱ्याला काही विकावयाचे नाही, त्यामुळे पहिला निकष आपोआप पूर्ण होतो.

७. महाविद्यालयीन संदर्भ

घरच्या संगणकावरील निर्णय हा वैयक्तिक असतो. विभागातील संगणकावरील तसा नसतो. विद्यार्थ्यांचे पत्ते, जातप्रमाणपत्रांच्या प्रती, शिष्यवृत्तीसाठी दिलेले बँक खात्यांचे तपशील आणि गुण ही माहिती विद्यार्थ्यांनी संस्थेकडे विश्वासाने सोपविलेली असते. ती सांभाळण्याची कायदेशीर जबाबदारी संस्थांवर टाकणारा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आहे. एखाद्या प्राध्यापकाने सोयीसाठी बसविलेल्या सफाई-सॉफ्टवेअरला या सर्व माहितीचे दार उघडून दिले जाते, आणि त्यासाठी ज्यांची ती माहिती आहे त्यांची संमती घेतलेली नसते.

या दृष्टीने काही साध्या व्यवस्था शक्य आहेत. दैनंदिन कामासाठी मर्यादित अधिकारांचे खाते वापरावे आणि नवे सॉफ्टवेअर बसविण्याचा अधिकार प्रयोगशाळा-साहाय्यक किंवा संगणक विभागाकडे ठेवावा. प्रत्येक संगणकावर कोणते सॉफ्टवेअर कधी व कोणाच्या सांगण्यावरून बसविले, याची नोंदवही ठेवावी. वार्षिक जडवस्तू-पडताळणीच्या वेळी सॉफ्टवेअरचीही पडताळणी करून न लागणारी काढून टाकावीत. देखभालीचा करार असलेल्या तंत्रज्ञाने परस्पर एखादे सफाई-सॉफ्टवेअर बसविल्यास त्याचे कारण त्याला विचारण्याचा अधिकार विभागप्रमुखास आहे आणि तो बजावला जावा.

समारोप

संगणक-सफाईच्या सॉफ्टवेअरमागे एक खरी गरज आहे. यंत्रे मंद होतात, नव्या खरेदीस निधी मिळत नाही आणि काम तर मुदतीत व्हावयाचे असते. या गरजेपोटीच एका बटणाने सर्व दुरुस्त होईल, हे आश्वासन स्वीकारले जाते. परंतु सफाईच्या ज्या क्रिया उपयुक्त आहेत त्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये आधीच उपलब्ध आहेत आणि उरलेल्यांचा लाभ इतका अल्प आहे, की त्याच्या मोबदल्यात संपूर्ण संगणकाचा ताबा देणे समर्थनीय ठरत नाही.

अध्यापन व संशोधन करणारा वर्ग एखादा निष्कर्ष स्वीकारण्यापूर्वी तो कोणी काढला, कोणत्या पद्धतीने काढला आणि तो पडताळता येतो काय, हे विचारीत असतो. विद्यार्थ्यांच्या प्रबंधाला लावली जाणारी हीच कसोटी पडद्यावर लाल अक्षरांत उमटणाऱ्या आकड्यालाही लावावी. त्या कसोटीस जे सॉफ्टवेअर उतरत नाही, त्याचे 'दुरुस्त करा' हे बटण न दाबता खिडकी बंद करावी आणि माहितीची प्रत काढण्यापासून कामास आरंभ करावा.